साक्षीनं लावलेली कलमं

कोर्टासमोरच्या त्या गाळ्यात शिरलं की साक्षी आधी ऐकू यायची, दिसायची नंतर. वकील अमरसिंह सरांच्या टेबलामागं, दोन कपाटांच्या बेचक्यात तिचा कॉम्प्युटर. तिथनं असा कालवा यायचा की बाहेर चपला काढणाऱ्या पक्षकाराला वाटावं, आत आठ-दहा माणसं भांडायला लागलीत. आत असायची एकटी साक्षी. टाईप केलेला मसुदा ती मोठ्यानं वाचून तपासायची आणि तोही ज्याचा त्याच्या आवाजात. जमीन विकणारा खोकत बोलणारा असला तर "सदर मिळकत" खोकत यायची. घेणारा नाकात बोलणारा असला तर "कोणतीही तक्रार अगर हरकत राहणार नाही" हे नाकातनं. सर म्हणायचे, "साक्षी, पक्षकार बाहेर बसलाय." साक्षी म्हणायची, "म्हणूनच हळू खोकले की."

हा कान तिला घरातनं मिळालेला. तिचे वडील आबा कोर्टात पट्टेवाले होते आणि एकतीस वर्षं त्यांनी पुकारा केला. पुकारा म्हणजे कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकाराला हाक मारायची. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, तीनदा. आबांचा पुकारा पार सायकल स्टँडपर्यंत पोचायचा. नावाच्या बाबतीत मात्र माणूस फार कडक. "नाव चुकलं की माणूस येत न्हाय बाळ, नुस्ता आवाज फिरून येतोय," असं म्हणायचे. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी घरात जेवायला बसले की सुरू: "आक्काताई, हाजिर हाऽऽय?" स्वयंपाकघरातनं साक्षीची आई म्हणायची, "मी हाजिर हाय. भाकरीला अजून पुढची तारीख."

तर अशा घरची ही पोरगी, आणि तिच्या हातात मागच्या वर्षी सरांनी दस्त जोडायचं सॉफ्टवेअर दिलं.

त्याआधी कसं चालायचं? नवा दस्त करायचा म्हटलं की जुना उघडायचा, नावं बदलायची, छापायचा. बावीस वर्षं हेच. त्यात एकदा राजारामपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट "झाड, झाडोरा, दगड, माती, निधी, निक्षेपासह" विकला गेला. घेणारा गृहस्थ दुसऱ्या दिवशी दारात हजर. झाडझाडोऱ्याचं त्याला काही नव्हतं. निधी कुठल्या खोलीत पुरलाय तेवढं त्याला विचारायचं होतं.

नव्या सॉफ्टवेअरमध्ये असलं काही होणार नव्हतं. सगळे जुने दस्त फोडायचे, त्यातलं एकेक कलम सुटं करायचं, एकदाच नीट लिहून ठेवायचं. मग नवा दस्त आला की लागतील ती कलमं निवडायची, नावगाव भरायचं, दस्त तयार. कंपनीचा माणूस आदर्श येऊन हे सांगून गेला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पट्टा आणि भाषा पुण्याहून पार्सल आलेली. "ॲक्च्युअली, इट्स व्हेरी सिंपल," असं तो म्हणायचा. त्यानं प्रत्येक कलमाला कोड दिला. व-०१४, ह-०२७, प-१०३. पहिल्याच आठवड्यात सरांना विहिरीच्या पाण्याचं कलम हवं होतं आणि त्यांच्या हाती दत्तक मुलाचं लागलं.

मग साक्षीनं जेवणाच्या सुट्ट्या त्याला लावल्या. सहा महिने एका हातात भाकरी, दुसऱ्या हातात माऊस. तिनं कोड काढले आणि कलमं लावली ती माणसांच्या वाक्यांवर. टेबलासमोर बसून पक्षकार जे बोलतो, तेच कलमाचं नाव. विहिरीच्या पाळ्यांचं कलम हवंय? शोधा: «पाणी आदी माझं». शेतातनं जायच्या वाटेचं? «मग आमी जायाचं कुठनं?» आई-बापाच्या सांभाळाचं? «म्हातारीला कोन बघनार?» वारसांनाही दस्त बांधील राहील, हे? «उद्या हेची पोरं न्हाय म्हटली तर?» आणि सगळ्यात मोठा कप्पा: «मला काय नगं, पर». त्यात अकरा कलमं होती, कारण बावीस वर्षांत ज्यांना काही नको होतं त्यांनी शेवटी काय काय मागितलं होतं ते सगळं त्यात आलं होतं.

आदर्शनं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा आंबट झाला. "ताई, बेसिकली हे प्रोफेशनल नाहीये. वाक्यानं कोण शोधतं?"

"पक्षकार कोडात भांडतोय व्हय? 'माझं व-०१४ दे' म्हणतोय?" साक्षीनं विचारलं.

सरांनी दोघांकडं बघितलं. वकीलच तो, त्यांनी तारीख दिली. "शुक्रवारी चौगुल्यांचं वाटणीपत्र आहे. साक्षीच्या नावांवर ते बिनबोभाट उभं राहिलं तर नावं राहतील. नाही राहिलं, तर पाच वाजता आदर्शनं कोड परत चढवायचे. विषय संपला."

त्या दिवसापास्नं साक्षीला घास गोड लागेना. सहा महिन्यांचं काम आणि एक शुक्रवार.

चौगुले म्हणजे वडणग्याची भावंडं. थोरला आकाराम, धाकटा बाळासो, आणि चंदगडला दिलेली बहीण चिमणाबाई. दोघा भावांची नऊ वर्षं कोर्टात गेलेली. आठवड्यापूर्वी कुणास ठाऊक कसं, तिघांचं जमलं. जमलेलं किती टिकेल याचा नेम नव्हता, म्हणून सरांनी लगोलग नोंदणी कार्यालयात साडेतीनची वेळ घेतली. चिमणाबाईला पाचची चंदगड गाडी गाठायची होती.

अकराला तिघं आले आणि साक्षीची गाडी सुटली. बाळासो खुर्चीत टेकतोय तोवर म्हणाला, "पाणी आदी मी घेनार." खट्, कलम हजर. आकाराम म्हणाला, "आनि माझी बैलगाडी काय उडत न्हेऊ?" खट्, वाटेचं कलम हजर. भाऊ बोलायचे, कलमं पडायची. चाळणीतनं पीठ पडावं तसा दस्त खाली साचत होता. कोपऱ्यात आदर्श हाताची घडी घालून उभा होता. ती घडी हळूहळू सुटत चालली होती.

"चिमणाआत्या, तुमचं काय?" साक्षीनं विचारलं.

चिमणाबाईनं पदर सारखा केला. "मला काय नगं गं बाई."

साक्षी थांबली. बोटं कळफलकावर अधांतरी. सगळी खोली थांबली.

"पर," चिमणाबाई म्हणाली.

साक्षीला उडी मारावीशी वाटली. तिनं फक्त कप्पा उघडला.

"पर मागच्या पडवीत आईचं उखळ हाय. जमिनीत पुरल्यालं, उचलून न्हेता येत न्हाय. ते बाळ्याच्या वाटणीत चाललंय. मी दर उन्हाळ्यात येऊन त्यात वर्साची चटणी कांडतो. डंकावर मशिनीनं कांडल्याली चटणी आमच्या घरात कोन तोंडात घालत न्हाय. उद्या हेची सून म्हनली, आत्या, कशाला आलासा, तर?"

"मी हाय न्हवं?" बाळासो म्हणाला.

"तू हाईस. तू बोलतोस कवा सुनंपुढं?"

आदर्श आपल्या लॅपटॉपवर वाकला. "ईझमेंट... लाइफ इंटरेस्ट... सेहेचाळीस रिझल्ट्स आहेत, एक मिनिट हं." त्याचं मिनिट चालू असतानाच साक्षीनं अकरा कलमांतलं सातवं उचललं. पन्हाळ्याच्या बायडाबाईनं माहेरच्या फणसासाठी करून घेतलेलं. त्यात मोकळ्या जागा होत्या: काय, कुठं, कधी, कशाला. फणसाच्या जागी उखळ बसलं, काढण्याच्या जागी कांडणं बसलं. "मागील पडवीतील जमिनीत पुरलेल्या दगडी उखळाकडे दरवर्षी चैत्र-वैशाखात चटणी कांडण्याकरिता जाण्यायेण्याचा व तेथे बसण्याचा हक्क चिमणाबाई यांना हयातभर राहील. त्यास वाटणीदार बाळासो अगर त्यांचे वारस, सुनांसह, हरकत घेणार नाहीत."

"सुनांसह लिवलंस?" चिमणाबाईनं विचारलं.

"लिवलं."

"लई शाणी पोर हाय," चिमणाबाईनं सरांना सांगितलं. सर नुसते हसले. अडीच वाजले होते. साक्षीच्या मनात पाच वाजून नावं राहिलीसुद्धा होती.

मसुदा सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा, ही त्या गाळ्याची रीत. वाचायची साक्षीच. पण आदर्शला आता उत्साह आलेला. "मी वाचतो ना, प्लीज," म्हणत त्यानं कागद उचलले, घसा साफ केला आणि बातम्या द्याव्यात तसा सुरू झाला: "वाटणीपत्र. वाटणीदार क्रमांक एक, श्रीयुत दोन रुपये पस्तीस पैसे... आम... दत्तू चौगुले."

आकारामनं मान वर केली.

साक्षीला झटक्यात कळलं. सातबाऱ्यावर जमिनीचा सारा, म्हणजे सरकारी कर, लिहिलेला असतो, त्याला दस्तात 'आकार' म्हणतात. जिथं माहिती भरायची त्या प्रत्येक शब्दाला तिनं दोन्ही बाजूंनी चौकोनी कंस घातला होता, शेताला बांध घालावा तसा. एकट्या 'आकार'ला नव्हता घातला. हा शब्द एकाच जागी येतोय, त्याला कशाला बांध, म्हणून सोडलेला. आता यंत्रानं दिसेल तो 'आकार' उचलून तिथं साऱ्याचा आकडा बसवला होता. आणि आकारामच्या नावात पहिलाच 'आकार'. एकवीस ठिकाणी.

बाळासोला हसू आवरेना. "दादाची किंमत काढली की मशिनीनं. सव्वादोन रुपये, वर धा पैसे."

आकाराम उठला. टोपी नीट केली. आवाज चढवला नाही, हेच वाईट. "नऊ वर्सं हितं घातली. आनि आता माझी किंमत काढताय व्हय? र्‍हाऊ द्या तुमची वाटणी." आणि समोरच्या चहाच्या गाड्यावर जाऊन रस्त्याकडं पाठ करून बसला.

चिमणाबाई गेली, एकटीच परत आली. बाळासो गेला, दोन शिव्या घेऊन परत आला. आदर्श हळूच म्हणाला, "ताई, 'आकार'च्या जागी कोड असता तर हे झालं नसतं." खरं होतं. साक्षीनं मान डोलावली. तिनं खुर्ची ओढली, 'आकार'ला दोन्ही बाजूंनी कंस घातला, दस्त परत जोडला, आकारामचं नाव एकवीस ठिकाणी स्वतः बघितलं, ओठ हलवत, प्रत्येक वेळी. चार मिनिटं लागली. दस्त चोख झाला, पण ज्याचं नाव नीट केलं तो माणूस गाड्यावर.

"संपलं साक्षी," सर घड्याळाकडं बघत म्हणाले. "तीन वाजले. आता तो येत नाही."

नाव चुकलं की माणूस येत न्हाय. आबांचं वाक्य आबांच्याच आवाजात तिच्या कानात वाजलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरं काहीतरी सुचलं, असं की तिचे कान लाल झाले. नऊ वर्षं खटला. आबांना निवृत्त होऊन चार. म्हणजे पहिली पाच वर्षं...

ती गाळ्याच्या पायरीवर गेली. छाती भरून श्वास घेतला, हनुवटी वर, एक हात कमरेला. आणि तिच्या गळ्यातनं एकतीस वर्षांच्या नोकरीचा आवाज निघाला.

"आकाराऽऽम दत्तू चौगुलेऽऽ, हाजिर हाऽऽय?"

रस्ता थिजला. दोन वकील चालता चालता थांबले. झेरॉक्सवाल्याच्या हातातला कागद तसाच राहिला. एक म्हातारा कारकून म्हणाला, "आबा आला काय परत कामावर?"

"आकाराऽऽम दत्तू चौगुलेऽऽ, हाजिर हाऽऽय?"

गाड्यावरचा आकाराम ताडकन उभा राहिला. पाच वर्षं त्या आवाजाला उभा राहिलेला माणूस. राग डोक्यात होता, पण तोंडाला कोण सांगणार? बशी हातात, चहा धोतरावर, आणि तोंडातनं आपोआप, खणखणीत: "हाजिर हाय!"

मग त्याला कळलं. त्यानं बशीकडं बघितलं, पायरीवरच्या पोरीकडं बघितलं. चहावाला हसला, वकील हसले, गाळ्यातनं चिमणाबाईचा हसण्याचा आवाज आला, आणि शेवटी आकारामच्या मिशा हलल्या. "तू आबाची पोरगी व्हय?" त्यानं रस्त्यापलीकडनं विचारलं.

"व्हय काका. आणि तिसरा पुकारा अजून शिल्लक हाय. मारू काय?"

"नगं, नगं. आलो."

तो आत येऊन बसला. या वेळी साक्षीनंच वाचलं, आणि एकवीसच्या एकवीस ठिकाणी आकाराम दत्तू चौगुले असं सावकाश, आबांसारखं. प्रत्येक वेळी आकाराम थोडा ताठ होत गेला. बाळासो मधे काही बोलायला गेला तर चिमणाबाईनं त्याच्या मांडीवर चापट मारली. साडेतीनला तिघं नोंदणी कार्यालयात होते. अंगठे, फोटो, सह्या. पावणेपाचला चिमणाबाई रिक्षात बसली आणि ओरडून सांगून गेली, "उन्हाळ्यात तुला चटणीचा डबा."

पाच वाजता आदर्शनं लॅपटॉप उघडला. साक्षी त्याच्याकडं बघत नव्हती, असं ती दाखवत होती. सरांनी टेबलावरची फाईल बंद केली.

"आदर्श, नावं तशीच ठेव. कोड पाहिजे तर मागनं लाव, बारीक अक्षरात. माणूस मात्र वाक्यावरनंच सापडला पाहिजे."

"व्हय की सर," आदर्श म्हणाला, आणि आपण काय बोललो ते ऐकून स्वतःच दचकला.

साक्षी गर्रकन वळली. "कुठल्या गावचं म्हणायचं पावणं?"

"गगनबावडा," आदर्श म्हणाला. पुणं त्याच्या तोंडातनं पार उतरलं होतं. "ताई, ते 'सुनांसह' कुठल्या कलमात हाय ते दाखीव की. आमच्या आत्तीला लागंल."

तिनं दाखवलं. मग घरी निघण्याआधी एक नवं कलम लिहिलं, यापुढं प्रत्येक दस्तात जायचं: "सर्व पक्षकारांची संपूर्ण नावे त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखविली. ती बरोबर आहेत." प्रत्येक मोकळ्या जागेचे कंस दोनदा तपासले. वर नावाची चौकट रिकामी होती, आणि त्यासाठी तिला विचार करावा लागला नाही. आकारामच्या आवाजात, टोपी नीट करत असल्यासारखं म्हणून बघितलं आणि टाईप केलं:

«माझी किंमत काढताय व्हय?»