वाडीवर आलेल्या देवी

लग्न होऊन मी चौकजवळच्या गावात आले, तेव्हा माझ्याशी पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली ती घरातली कुणी नव्हे, डोंगरावरच्या वाडीतली एक ठाकरीण. वयानं माझ्याएवढीच. लाकडाची मोळी घेऊन उतरायची, लावणीला आमच्या शेतात यायची, जंगलातली भाजी आणून द्यायची. मी देशावरची. तिनं आणलेली शेवळं मी साध्या भाजीसारखी शिजवली आणि घरातल्या सगळ्यांचे घसे खाजले. दुसऱ्या दिवशी ती हसून बेजार.

"वयनी, काकडं नाय घातलीस व्हय?"

मग ती आंबट फळं तिनंच आणून दिली आणि चुलीशी बसून मला ती भाजी शिकवली. तिची मुलगी तेव्हा तिचं बोट धरून यायची, मुलगा पाठीवर बांधलेला असायचा.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. सासरे गावचे पोलीस पाटील होते. एका हिवाळ्याच्या शेवटी तालुक्याहून देवी टोचणारा माणूस आला. चावडीवर सगळं गाव जमलं. मलाही टोचलं, दंड चांगलाच सुजला. दुसऱ्या दिवशी त्याला वाडीवर जायचं होतं. वाट दाखवायला सासऱ्यांनी कोतवाल बरोबर दिला.

कोतवालाच्या अंगात कुठूनसा मिळालेला खाकी कोट होता. तो वरून लांबूनच दिसला. वाडीतल्या माणसांना खाकी म्हणजे जंगलखात्याचा शिपाई. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपाची जमीन भाजायला, फांद्या तोडल्या की तो यायचा, कोयते काढून न्यायचा, कुणाला बांधूनही न्यायचा. पोरंबाळं घेऊन सगळे रानात पळाले. हे दोघं पोचले तेव्हा वाडीत कोंबड्या होत्या आणि चालता न येणारा एक म्हातारा. थोडा वेळ हाका मारून दोघं दुपारी खाली आले.

"वाडी रिकामी हाय," कोतवाल म्हणाला.

सासरे म्हणाले, "त्यानलाच नको आसंल तर आपन काय करनार?"

टोचणारा जेवला आणि पुढच्या गावाला गेला. त्या दिवशी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

चैत्रात वाडीतला एक जण कोळशाच्या भट्टीवरच्या कामावरून तापानं फणफणून परतला. तिसऱ्या दिवशी अंगावर फोड उठले. बातमी खाली आली आणि गावकऱ्यांनी वाडीच्या वाटेवर काटेरी कुंपण घातलं. कुणी खाली यायचं नाही, कुणी वर जायचं नाही. सासऱ्यांनी तालुक्याला निरोप पाठवला. कुंपणाशेजारच्या खडकावर आम्ही तांदूळ, मीठ, कडुलिंबाचा पाला ठेवायचो. वरून कुणीतरी येऊन न्यायचं. आम्ही दूर उभे राहून ओरडून विचारायचो, "कसं हाय गं?" सुरुवातीला उत्तर यायचं. मग येणारी माणसं बदलत गेली. मग एकदा ठेवलेला तांदूळ दोन दिवस तसाच राहिला, पाखरांनी खाल्ला.

तालुक्याचा माणूस आला, पण तोवर घरोघर देवी फुटल्या होत्या. ज्यांना अजून लागण झाली नव्हती त्यांना त्यानं टोचलं. बाकीच्यांसाठी त्याच्याकडे काही नव्हतं.

लावणीच्या दिवसांत एक बाई आमच्या बांधावर येऊन उभी राहिली. तोंडभर खोल वण, एका डोळ्यात पांढरं फूल. मी तिला ओळखलं नाही. "वयनी," म्हणाली तेव्हा आवाजावरून कळलं. पाठ मोकळी होती. तिनंच सांगितलं. आधी नवरा, मग मुलगा, शेवटी मुलगी. मुलीला तहान लागायची आणि हिला स्वतःला उठवत नव्हतं.

त्या दिवशी तिनं रोप हातात घेतलं नाही. मी भाकरी दिली ती पदरात बांधून नेली.

पुढे कधीतरी बोलता बोलता ती म्हणाली, "आमची जुनी वाडी आनखी वर व्हती. आज्याचे टायमाला. इंग्रजांनी घाटात कामं काढली, लांबलांबचे मजूर आले, त्यांचेसंग ही बया वर चढली. आर्धी वाडी गेली. उरले ते खाली आले, इथं." मग म्हणाली, "आता इथूनपन खाली."

आणि खरंच ती वाडी मोडली. ज्या घरांत माणसं गेली ती घरं उरलेल्यांनी सोडली. कुणी साजगावकडे मजुरीला गेलं, कुणी नातलगांच्या वाडीत. लग्नात रात्रभर गाणी म्हणणाऱ्या दोन म्हाताऱ्या त्या चैत्रात गेल्या होत्या. त्यांची गाणी मी एकदा ऐकली होती, कळली नव्हती. आता ती कुणाला पुरी येत नाहीत.

ती भावाकडे राहू लागली, पलीकडच्या डोंगरावर. काही वर्षांनी सरकारनं पुन्हा जोरात टोचणी सुरू केली. तेव्हा तिथल्या वाड्यांतही तेच झालं, माणसं पाहून लोक रानात. कुणाच्या सांगण्यावरून नाही, ती आपणहून टोचणाऱ्यांच्या पुढे चालू लागली. वाडीच्या तोंडाशी जाऊन त्यांच्याच बोलीत हाका मारायची, की खाकीवाले नाहीत, मी आहे. एकदा खोपोलीच्या बाजाराहून परतताना मीही तिच्याबरोबर एका वाडीत गेले. एक तरुण आई पोराला पोटाशी धरून दारात उभी होती, काही केल्या दंड पुढे करीना.

"तुजी पोरं टोचलीवतीस का?" पोराच्या आईनं हिला रागानं विचारलं.

"नाय," ही म्हणाली. "म्हनून तर आलंय."

त्या आईनं हिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग पोराचा हात मोकळा केला.

सत्तरच्या दशकात देवी गेल्या. रेडिओवर सांगितलं, दवाखान्यातल्या बाईंनीही सांगितलं. मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "जाता येत व्हतं तर तवाच जायची व्हती."

सासरे तेव्हा थकले होते. त्या हिवाळ्याची गोष्ट ते घरात कधी काढत नसत. एका संध्याकाळी मात्र ओटीवर बसून मला म्हणाले, "तिला सांग, माजी चूक झाली. मला तिच्यापुडं बोलवत नाय."

मी सांगितलं. ती काकडं निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "पाटलाला सांग, खाकी बगून आमी पलतोच. त्याला काय ठाव व्हतं." मग म्हणाली, "पन पुन्यांदा एकदा यायला पायजे व्हतं. सांजेला आमी समदे घरीच व्हतो."

दोन्ही वाक्यं मी सासऱ्यांना जशीच्या तशी सांगितली. पहिल्यावर त्यांनी मान हलवली. दुसरं ऐकून ते काठी घेऊन उठले आणि गोठ्यात जाऊन गुरांशेजारी बसले. जेवायला हाक मारली, तर नको म्हणाले.