बोगद्यात आधी कोण

सालगड्यांच्या हक्कासाठी आम्ही काढलेल्या मोर्चाला यायला झरीच्या या बागायतदाराला वेळ नसतो. कुत्र्याला अडथळ्यांच्या शर्यतीसाठी तयार करायला मात्र अख्खी सकाळ असते. कुत्र्याला तो ‘बेटा, प्लीज’ म्हणतो आणि सालगड्याला ‘ए’.

आम्ही मोर्चाचं बोलावणं द्यायला गेलो त्या दिवशी कुत्रं सरावाच्या कापडी बोगद्यात शिरेना. यानं साठीच्या सालगड्याला हुकूम सोडला, “ए, तू रांगून दाखव. बघून शिकंल ते.”

म्हातारा रांगत गेला, मागोमाग कुत्रंही गेलं. बिस्कीट कुत्र्याला मिळालं.

धोतराची माती झटकत म्हातारा म्हणाला, “मालक, स्पर्धेला बी मलाच न्या की.”

मला वाटलं, आता तरी हा लाजेल. तो विचारात पडला आणि मनापासून हळहळला, “नेलं असतं रे. पण तिथं माणसाला बोगद्यात जाऊ देत न्हाईत.”