काळी चारचा सा

शाळेत सहा कॉम्प्युटर आले तेव्हा ते ठेवण्याजोगी एकच खोली होती, आणि ती गाण्याची होती. बाकीच्या वर्गांवर नुसती कौलं. पावसात कुठून ठिबकेल याचा भरवसा नसे. गाण्याच्या खोलीला कौलांखाली लाकडी तक्तपोशी होती, खिडक्या घट्ट लागायच्या, आणि चपला बाहेर काढून आत जायची पोरांना आधीपासून सवय होती. यंत्रं पोचवायला आलेला माणूस ओल आणि धूळ यांबद्दल बजावून गेला. हेडसर म्हणाले, "गाणं काय, व्हरांड्यातसुद्धा होतं."

तसं ते व्हरांड्यात गेलं. जूनपासून गाण्याच्या बाई पेटी घेऊन पत्र्याखाली बसायला लागल्या. पावसाची सर आली की त्यांचा आवाज पहिल्या दोन रांगांपलीकडे पोचत नसे. मागची पोरं नुसती तोंडं हलवायची.

मी तेव्हा पंचविशीतला होतो, गणित आणि विज्ञान शिकवत होतो. पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं थोडं शिक्षण घेऊन आलेला शाळेतला मी एकटाच, म्हणून ती खोली माझ्या ताब्यात आली. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने दर्यावर. बाई अर्धवेळ होत्या. आठवड्यातले तीन दिवस खाडीपलीकडच्या गावातून एसटीने यायच्या. संस्थेने त्या वर्षी ठरवलं होतं, यापुढे अर्धवेळ कुणी ठेवायचं नाही. म्हणजे बाई दिवाळीपर्यंत एकतर पूर्णवेळ होणार, नाहीतर घरी बसणार. हे शिक्षकखोलीत सगळ्यांना माहीत होतं. बाईंसमोर कुणी बोलत नसे, एवढंच.

कॉम्प्युटरबरोबर आलेल्या खोक्यात फ्लॉप्या होत्या. गणिताच्या, भूगोलाच्या, आणि एक संगीताची. परदेशी मुलांसाठी केलेले धडे होते ते. यंत्र सूर वाजवणार, मुलांनी तो ओळखून कळ दाबायची, बरोबर आलं की पडद्यावर चांदणी. ती फ्लॉपी हातात घेतली आणि माझ्या डोक्यात आलं, गाणं जर कॉम्प्युटरवर आलं तर गाण्याचा तास परत या खोलीत येईल, आणि बाईंची जागाही पक्की होईल. हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, "करा की! गणपती झाले की संस्थेचे अध्यक्ष आणि खात्याचे एक साहेब बघायला यायचे आहेत. त्यांच्यासमोर वाजलं तर बाईंचं काम झालंच म्हणून समजा."

मी हट्टाला पेटलो. हा शब्द मी स्वतःबद्दल मोठेपणाने वापरत नाही. त्या दोन महिन्यांत माझ्यात दुसरं काही नव्हतंच.

फ्लॉपी घालायची सोय एकाच यंत्राला होती. बाकीच्या पाचांनी तारेतून त्याच्याकडून धडा मागून घ्यायचा, अशी रचना. भिंतीकडेने तार फिरवली, प्रत्येक यंत्राला फाटा दिला, दोन्ही टोकांना एकेक छोटी डबी बसवली. ती नसली तर तारेतला संदेश टोकाला आपटून मागे येतो आणि सगळा गोंधळ होतो, असं पुस्तकात होतं. तसं सगळं केलं, तरी काही हललं नाही. खारी हवा! महिनाभरात जोडांच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. शाळेचा शिपाई नाटे गावचा, घरचा धंदा मासेमारीचा. तो आणि मी पॉलिश पेपरने एकेक पिन घासत बसायचो.

"सर, एवढा मोटा दोर टाकलाव," तो म्हणायचा, "मासा तरी घावतो काय?"

"घावेल रे."

"आमच्याकडं तीन दिवस नाय घावला तर जागा बदलतत."

जागा बदलून चालणार नव्हतं. पिना स्वच्छ झाल्या तरी दोन यंत्रं एकदमच गोठून जायची. शेवटी झाकणं उघडून पाहिलं. प्रत्येक यंत्राला आत एक क्रमांक लावावा लागतो, वर्गात हजेरीचा असतो तसा. मीच घाईत दोघांना एक क्रमांक दिला होता. एकाचं नाव पुकारलं की दोघं "हजर" म्हणत होते. तो बदलला, आणि त्या दुपारी पाचही पडद्यांवर एकामागून एक धडा उतरला. शिपाई म्हणाला, "घावला!" आणि पळत जाऊन हेडसरांना घेऊन आला.

आता गाणं. मला गाण्यातलं काही कळत नाही. तेव्हाही कळत नव्हतं. यंत्रातला धडा पेटीच्या पांढरी एकवरून सुरू व्हायचा. आमची पोरं काळी चारमध्ये गायची. पेटीवरची ती काळी पट्टी हा त्यांचा सा. बाईंनी वर्षानुवर्षं तोच त्यांच्या गळ्यात बसवला होता. यंत्राबरोबर गायला लावलं तर पोरं खाली उतरून गुरगुरायला लागली. प्रत्येक सुराला प्रोग्राममध्ये एक आकडा होता. मी ‘सा’चा आकडा शोधला, तो काळी चारचा केला, पडद्यावरची परदेशी अक्षरं काढून तिथे आपल्या सारेगमची रोमन अक्षरं घातली, आणि बाईंना बोलवायला व्हरांड्यात गेलो.

बाई त्या खोलीत पाय ठेवत नव्हत्या. जूनपासून एकदाही नाही.

"मी कशाला येऊ?" त्या पेटीचा भाता दाबत म्हणाल्या. "तुमच्या यंत्रांना माझी धूळ लागेल."

"बाई, एकदा ऐका तरी."

"तुम्ही ऐकलंत ना? मग झालं."

"मला ऐकून काय कळतंय?"

त्या हसल्या. "हे मात्र खरं बोललात." आणि उठल्या. दारात चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला, जुन्या सवयीने. मग चाललंय काय हे लक्षात येऊन जरा चिडूनच आत आल्या.

मी कळ दाबली. सा वाजला. बाईंनी मान हलवली. मग रे, ग, म वाजले आणि त्यांनी तोंडाला पदर लावला.

"काय झालं?"

"अहो सर, काय केलंत काय हे?"

"सा काळी चारचा केला."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे होते तिथेच आहेत."

बाई खुर्चीवर बसून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे घर बदललंत आणि माणसं जुन्याच घरात ठेवलीत! आता रे रडतोय, ग कुठेतरी वाटेतच. सा हलला की सगळ्यांनी हलायचं असतं हो, तेवढंच अंतर. ही काय बदलीची ऑर्डर आहे, की साहेब एकटा गेला आणि कचेरी राहिली?"

त्या दिवसापासून त्या येऊन बसायला लागल्या. त्या पेटीवर सूर धरायच्या, मी आकडे हलवायचो. "वर. अजून थोडं. बास, बास. आता पुढे गेलात." एकेक सूर असा लावला. संध्याकाळची एसटी चुकली तर पुढची यायला खूप वेळ लागे, पण त्या थांबायच्या. एकदा मी म्हटलं, उद्या करू. तर म्हणाल्या, "उद्या माझा दिवस नाही. निषादाला तसाच लटकत ठेवून घरी गेले तर मला झोप यायची नाही."

एक अडचण उरली होती. सहा यंत्रं एकाच वेळी सुरू होत नव्हती. मुलं जमेल तशी कळ दाबायची आणि सहा ठिकाणांहून सहा सूर यायचे. शिपायाच्या भाषेत, बाजारात रिक्षा अडकल्यासारखं. तारेवरून सगळी एकदम सुरू करावीत म्हणून मी आठवडाभर डोकं फोडलं. बाईंनी पाहिलं आणि मुलांना म्हणाल्या, "समेवर दाबा." सम म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे येऊन मिळतात. त्यांनी टाळी देऊन मात्रा मोजल्या, समेची टाळी पडली, सहा बोटं एकदम पडली आणि सहा यंत्रं एकाच सुरात बोलली. पोरं आपोआप गायला लागली. मला काही कळत नाही म्हणतो, पण त्या वेळी अंगावर काटा आला.

मग बाईंनी मुलांना इतकं तयार केलं, की डोळे मिटून नुसत्या टाळ्या ऐकून ती समेवर यायची.

पाहुणे शुक्रवारी यायचे ठरले होते, बाईंच्या दिवशी. ते आले गुरुवारी. साहेबांना शुक्रवारी गणपतीपुळ्याला जायचं होतं, बरोबर घरची मंडळी होती, म्हणून एक दिवस आधी उरकलं. हेडसर धावत आले. "बाई नाहीत. तुम्ही घ्याल ना?"

बाईंना निरोप पाठवायची काही सोय नव्हती. पण "उद्यापर्यंत थांबा" असं मी म्हणू शकलो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. उत्तर असं, की तेव्हा तो मला सुचलाच नाही. मला दाखवायचं होतं.

मी टाळ्या दिल्या. बाईंसारख्याच. इतके दिवस पाहत होतो. मुलं समेवर आली. सहा यंत्रं एकसुरात वाजली, मुलं काळी चारमध्ये खणखणीत गायली. पडद्यांवर चांदण्या उमटल्या. अध्यक्षांनी कौतुकाने मान डोलावली. साहेबांनी तार कुठून कुठे जाते ते वाकून पाहिलं.

"संगीताला शिक्षक आहेत का तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

"बाई आहेत. अर्धवेळ. आज त्यांचा दिवस नाही," हेडसर म्हणाले.

"मग हा तास कोण घेतं?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्हाला गाणं येतं?"

"अजिबात नाही, साहेब."

साहेब हसले. "म्हणजे गाणं न येणारा माणूसही हा तास घेऊ शकतो?"

"कुणीही घेऊ शकेल," मी म्हटलं. "एवढं सोपं करून ठेवलंय."

हेच ते वाक्य. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. मला बाईंचं वाईट करायचं नव्हतं, असं लिहायला बसलो होतो. पण ते पुरतं खरं नाही. त्या क्षणी मला बाई आठवल्याच नाहीत. सूर कुणी लावले, टाळी कुणाची, मुलांच्या गळ्यात काळी चार कुणी घातली, यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. माझी तार, माझे आकडे, माझं यंत्र. अध्यक्षांनी हेडसरांकडे पाहिलं आणि हेडसरांनी मान खाली घातली. मी ते पाहिलं. अर्थही कळला. तरी मी चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या आणि काल पाहुणे येऊन गेल्याचं कळल्यावर नुसतं "अगं बाई" म्हणून बसल्या. मग विचारलं, "समेवर आली ना पोरं?"

"सगळी," मी म्हटलं.

"मग झालं तर."

त्या आठवड्यात मी तीनदा हेडसरांच्या खोलीपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा आतही गेलो. मी बोलण्याआधीच ते म्हणाले, "अध्यक्ष फार खूश आहेत तुमच्यावर." मी खडूंचं विचारून बाहेर आलो. "सर, मी चुकीचं बोललो, यंत्र सूर देतं, पण कुणाचा चुकला ते त्याला कळत नाही," एवढंच सांगायचं होतं. यंत्रांपुढे मी दोन महिने हटलो नव्हतो. या एका वाक्यापुढे हटलो.

दिवाळीच्या सुट्टीत संस्थेचा निर्णय झाला. गाण्याचा तास चालू राहील, कॉम्प्युटरवर. वेगळ्या शिक्षकाची आवश्यकता नाही.

सुट्टीनंतर शाळा उघडली त्या सकाळी बाई पेटी न्यायला आल्या. पेटी त्यांची स्वतःची होती. शिपाई कुठे गेला होता कोण जाणे, म्हणून मीच उचलली. एसटी स्टँडपर्यंत आम्ही चालत गेलो. बाई एका हाताने पेटीची कडी सावरत होत्या, उतारावर मला "हळू, सर, हळू" म्हणत होत्या. मुलांचं सांगत होत्या. अमक्याचा आवाज यंदा फुटेल, त्याला जबरदस्तीने वर गायला लावू नका. तमकी लाजते, पण तिला पुढे बसवा.

गाडी लागली. कंडक्टरने पेटी पाहून कपाळाला आठ्या घातल्या. बाईंनी त्याला दोन शब्द सुनावून ती पुढच्या सीटखाली ठेवायला लावली. मग खिडकीतून मला म्हणाल्या,

"सर, मी कधी बोलले नाही. पण माझ्यासाठी तुम्ही फार खटपट केलीत. घासून घासून बोटं सोललीत. माझ्या नशिबात नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार?"

त्यांना माहीत नव्हतं. किंवा असेल, मला आजही सांगता येत नाही. सांगायची तीच वेळ होती. ड्रायव्हर अजून चढला नव्हता.

मी म्हटलं, "त्यात काय, बाई."

गाडी निघाल्यावर मी झपाझप चालत शाळेत आलो. तिसरा तास गाण्याचा होता, आणि तो माझ्याकडे होता. मुलं खोलीबाहेर चपला काढून रांगेत उभी होती.