माडीवालं विमान

आणीबाणीच्या सुमारास आमच्या अख्ख्या रिठद गावात जम्बो जेटचा जाणकार एकच, आणि तो मी. त्याची चाकं किती, शेपूट केवढं, झोपेतून उठवून विचारा! आता, विमान मी कधी जवळून पाहिलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. शाळामास्तराला एसटीच पुरे.

माझा एकुलता एक मित्र त्या जम्बोत बसून अमेरिकेला गेला. पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं, विमानाला वर माडी आहे, चढायला गोल जिना आहे. मी ते पारावर वाचून दाखवलं. शेजारचे म्हातारे शेतकरी, ज्यांना सारं गाव बाबा म्हणायचं, खदखदून हसले.

"गावात माड्या दोन, अन् विमानाले माडी? मंग मांगं न्हाणी बी असन, मास्तर!"

पुढची पत्रं त्याहून भारी. तिथल्या टीव्हीवर म्हणे दर आठवड्याला एक अंतराळयान ताऱ्यांमधून हिंडायचं. मित्र त्याची गोष्ट कळवायचा, मी रविवारी पारावर सांगायचो. थोडं मीठमसाला लावून. थोडं म्हणजे, एका राक्षसाचे चाळीस. झाडावरचे कावळेसुद्धा कान देऊन बसत.

मग यान एका काळ्या ग्रहापाशी बंद पडलं आणि पत्रं थांबली. तीन महिने. पोस्टमन मला पाहून वाट बदलू लागला.

मी गप्प बसलो असतो, तर रविवारही गेला असता. म्हणून यान मीच दुरुस्त केलं. चार रविवार झकास उडालं. पाचव्या रविवारी ते एका ताऱ्यावर थांबलं, सगळे उतरून चहा प्यायले, मग कप्तानानं डबल बेल मारली आणि यान निघालं.

लोक खूश होऊन घरी गेले. बाबा बसून राहिले.

"मास्तर, हे यान रिसोडच्या एसटी स्टँडवरून सुटते काय?"

मी मोठ्यानं हसलो. ते हसले नाहीत.

"तुमच्या दोस्ताची चिठ्ठी येऊन नाही राह्यली ना?"

मी मीठमसाल्याशिवाय 'नाही' म्हणालो. जन्मात पहिल्यांदा.

"मंग कायले सांगता?"

"तुमी येता म्हणून," मी म्हणालो.

बाबांनी तंबाखू मळली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. वर आभाळात एक पांढरी रेघ सरकत होती, टोकाला टाचणीएवढं विमान.

"माडीवालं हाय का थे?"

"हाय ना."

"माडीत कोनी दिसून राह्यलं?"

मी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं.

"एक जण हाय. पन तोंड तिकडं करून बसला."