नवा गुडघा, जुनी चाल

गुडघा बदलून तीन महिने झाले होते. व्यायाम करवून घेणारी मुलगी माझा पाय हळूहळू दुमडत होती आणि मी माझ्याच गुडघ्याची वाटी बघत बसले होते. पाय वाकला की वाटी सरळ न उतरता जराशी बाहेर सरकायची, मग जागेवर यायची. मुलीने डॉक्टरांना बोलावलं. एक्स-रे उजेडाला धरून ते म्हणाले, "सांधा अगदी सरळ बसलाय, काकू. पण तुमचे गुडघे मुळात आत वळलेले. मांडीचे स्नायू वाटीला अजून जुन्याच अंगाला ओढतात."

मला हसूच आलं. लग्नासाठी मला बघायला आलेल्या पहिल्या मंडळींनी "दारापासून इथवर चालून दाखव" म्हटलं होतं. मी चालले, गुडघ्याला गुडघा घासला, आणि नकार आला. त्याच गुडघ्यांवर पुढे मी छत्तीस वर्षं फळ्यापुढे उभी राहिले. सरळ म्हणजे कुणाच्या मापाने सरळ? वाटीला कुणी विचारलं होतं का? हाड कापता येतं, धातू बसवता येतो. पण साठ वर्षांची सवय वाटीची स्वतःची आहे. व्यायाम मी करीन, तिची समजूत घालीन. तिची लाज मात्र बाळगणार नाही.

"जरा चालून दाखवा बघू," डॉक्टर म्हणाले.

मी उठले. "चालते," म्हटलं, "पण दाखवायला नाही. बाहेर रिक्षा थांबलीय."

आणि दाराकडे निघाले.