ब्लेडचं काम

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी कोकणातून सिल्वासाला शाळामास्तर म्हणून आलो, तेव्हा बस स्टँडवर एक माणूस राहायचा. धुळ्याकडचा. जवळच्याच मसाट गावातल्या एका सुताच्या कारखान्यात आधी कामाला होता. यंत्रांच्या घरघरीत कुणीतरी आपल्याला शिव्या देतंय, असं त्याला ऐकू येऊ लागलं. आधी काम गेलं, मग भाड्याची खोली.

माझ्या शाळेच्या वाटेवर एका भंगारवाल्याची शेड होती. कारखान्यांनी टाकलेल्या बॉबिनी, म्हणजे सूत गुंडाळायच्या नळ्या, तिथं यायच्या. त्यांच्यावर उरलेलं सूत ब्लेडनं कापून काढायचं आणि रिकाम्या बॉबिनी परत विकायच्या. हा माणूस दिवसभर तेच करी. तोंडानं कुणाशी तरी भांडण चालू असे, पण हात सफाईदार. दोन वेळचं जेवण आणि थोडी मजुरी मिळे. त्याच्या बडबडीची कुणाला फिकीर नव्हती.

मलाच ते बघवेना. समजूत घालून मी त्याला दवाखान्यात नेलं, गोळ्या मिळाल्या. परतताना भंगारवाल्याला सांगितलं, "याला डोक्याचा आजार आहे. गोळ्या चुकवू देऊ नका."

तीनेक आठवड्यांनी तो शाळेच्या फाटकाशी उभा होता. चेहरा शांत, हात मात्र थरथरत होते.

"डोक्यातले आवाज गेले, सर," तो म्हणाला. "काम बी गेलं."

मी भंगारवाल्याकडे गेलो. डॉक्टर गोळी कमी करतील, हात ठीक होतील, म्हणालो.

"हाताचं नाही, सर. वेडा आहे हे तुम्हीच सांगितलं ना? आता त्याला ब्लेड कसं देऊ? शेजारी बायका बसतात कामाला."

मग मी त्याला शाळेतल्या झाडांना पाणी घालायला लावलं. मजुरी माझ्या खिशातून. चार दिवस आला. पाचव्या दिवशी गोळ्यांची पुडी माझ्या हातात देत म्हणाला, "पाणी तर पोरं बी घालतात. हे काम नाय, सर. तुम्ही मला पोसताय."

पुडी मी ठेवून घेतली. तो गेला, आणि स्टँडवरही दिसेनासा झाला.

दिवाळीनंतर भंगारवालाच म्हणाला, "वापीला आहे तो. तिथंही बॉबिनीच कापतो. पहिल्यासारखा मोठ्यानं बोलतो म्हणे."

वापी काही लांब नाही. एका रविवारी पुडी घेऊन मी निघालो. पण त्याच्या नव्या मालकानं मी कोण, कशाला आलो असं विचारलं तर काय सांगायचं, ते ठरेना. स्टँडवर वापीच्या दोन गाड्या सोडल्या आणि घरी परत आलो.