ओला फोटो

धाकटा भाऊ गेला तेव्हापासून जालन्याच्या दवाखान्यात क्ष-किरणांनी छातीचे फोटो काढणारे ते गृहस्थ मला वारंवार आठवतात. निजामी मुलखात तसलं यंत्र तेव्हा विरळाच होतं. "दम धरा, बिलकुल हलू नका," असं रोग्याला सांगून ते स्वतःही श्वास रोखत, आणि "सोडा" म्हणत रोग्याबरोबरच सोडत.

भावाच्या फुफ्फुसात ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ दिसली होती. ती वाढते का, एवढंच पाहायचं, असं डॉक्टर म्हणाले होते. काही महिन्यांनी आम्ही आमच्या मंठ्याहून पुन्हा गेलो, तेव्हा त्या गृहस्थांनी जुना आणि नवा फोटो खिडकीच्या उजेडात शेजारी धरले.

"हाय तेवढीच हाय. जा मंठ्याला, बाजार करा!"

तिसऱ्या खेपेस मात्र ते अंधाऱ्या खोलीतून ओला फोटो छातीशी धरून बाहेर आले. सदरा भिजत होता.

"दाखवा की," भाऊ हसून म्हणाला. "का तुमचाच काढला?"

"आज ऊन न्हाई, भाऊ. दिसायचं न्हाई. डॉक्टरसाहेबच सांगतील."

अंगणात डोळे दिपवणारं ऊन पडलं होतं. भावानं तिकडं पाहिलं, मग त्यांच्या भिजल्या सदऱ्याकडं पाहिलं.

"व्हय," तो हळूच म्हणाला, "आभाळच आलंय आज."